शाळेच्या अडगळीतून टेबलावर : बीबीसी मायक्रो आणि युनिकॉर्न संगणक पुन्हा सुरू करण्याची पद्धत

केंद्र शासनाचा शिक्षण विभाग आणि इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनी १९८४-८५ मध्ये शालेय संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी इंग्लंडमधील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने बनवलेला बीबीसी मायक्रो हा संगणक निवडला. १ डिसेंबर १९८१ रोजी बाजारात आलेले हे यंत्र पहिल्यापासून वर्गाचा विचार करूनच घडवलेले होते. भक्कम कळफलक, प्रयोगशाळेतील उपकरणे जोडण्यासाठी भरपूर द्वारे (पोर्ट) आणि अनेक यंत्रे एकमेकांना जोडणारे ‘इकोनेट’ नावाचे जाळे ही त्याची ओळख होती. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने त्याचीच भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने तयार केली, तर होप कॉम्प्युटर्सच्या ‘डॉल्फिन’ या नकलेत मूळच्या लाल कार्यकळांच्या (फंक्शन की) जागी निळ्या कळा होत्या. मूळ यंत्र इंग्लंडमध्ये आजही फारशी शोधाशोध न करता मिळते, मात्र भारतीय नावपट्टी असलेले यंत्र क्वचितच दृष्टीस पडते. म्हणूनच असे यंत्र हाती आले तर ते चालू करण्याच्या घाईपेक्षा ते जसे मिळाले तसे जपण्याला अधिक महत्त्व द्यावे, ही भूमिका या लेखात सर्वत्र धरली आहे.

वाचकाला मल्टिमीटर वापरता येतो आणि सोल्डरिंगचा थोडा सराव आहे, एवढेच येथे गृहीत धरले आहे. सोल्डरिंग येत नसेल तर वीजपुरवठ्याचे काम रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या अनुभवी कारागिराकडून करून घ्यावे. बाकीच्या पायऱ्या नवख्यालाही जमण्यासारख्या आहेत.

पहिली पायरी : मालकी आणि नोंदी

शाळेतील जुने यंत्र कोणी सहज दिले म्हणून ते आपले होत नाही. शासकीय किंवा अनुदानित शाळेतील प्रत्येक वस्तूची जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद असते आणि तिचे रीतसर निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून अधिकृतपणे कमी करणे, झाल्याशिवाय ती शाळेबाहेर नेता येत नाही. मुख्याध्यापकांकडून निर्लेखनाची कागदोपत्री खात्री करून घ्यावी आणि शक्य झाल्यास त्या नोंदीची प्रतही मागून घ्यावी, कारण यंत्र शाळेत कोणत्या वर्षी आले, सोबत किती मॉनिटर, टेपरेकॉर्डर किंवा डिस्क ड्राइव्ह आले, याचा भरवशाचा पुरावा बहुधा त्या एका ओळीतच असतो.

यंत्राच्या कवचावर रंगाने घातलेला साठा क्रमांक किंवा चिकटवलेली शाळेची चिठ्ठी स्वच्छतेच्या भरात घासून काढू नये. कार्यकळांच्या वरच्या पारदर्शक पट्टीखाली एखाद्या शिक्षकाने हाताने लिहिलेला कागद असेल, तर त्याचे छायाचित्र काढून तो तेथेच ठेवावा. पिवळे पडलेले प्लास्टिक रसायनाने पांढरे करण्याची पद्धत संग्राहकांमध्ये प्रचलित आहे, परंतु दुर्मीळ यंत्रावर ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला कपडा पुरेसा होतो.

दुसरी पायरी : वीज न देता उघडणे

यंत्र मिळताच ते विजेला लावून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि सर्वाधिक नुकसान त्याच क्षणी होते. तो मोह आवरून आधी झाकण उघडावे. झाकणाचे चार स्क्रू असतात, दोन मागच्या बाजूस आणि दोन तळाशी पुढच्या बाजूस, आणि त्यांच्याजवळ ‘फिक्स’ असे इंग्रजीत कोरलेले असते. झाकण उचलले की डावीकडे वीजपुरवठ्याची धातूची पेटी, पुढे कळफलक आणि त्याच्यामागे व खाली पसरलेला मुख्य बोर्ड दिसतो. कोणतीही वायर सोडवण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. कळफलकाची चपटी रिबन केबल आणि स्पीकरच्या दोन वायरी सोडवताना वायर ओढू नये, कनेक्टर धरून सरळ वर उचलावा.

बीबीसी मायक्रोच्या मॉडेल बी या प्रकारात बोर्डावर बॅटरी नसते, ही मोठीच जमेची बाजू आहे. त्याच्यानंतर आलेल्या ‘मास्टर’ या संगणकांच्या मालिकेत बॅटरी असते आणि ती पाझरून बोर्डाचे तांबे खाते. यंत्र त्या मालिकेतील असेल तर सर्वांत आधी ती बॅटरी काढून टाकावी. उंदरांचे मूत्र, वाळवीची माती, गंजलेल्या टाचण्या आणि पावसाळी ओलीने आलेली हिरवट झाक यांचा मात्र दोन्ही प्रकारांत शोध घ्यावा. धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. हिरवट डाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने हळुवार घासून काढावेत आणि बोर्ड पूर्ण वाळू द्यावा.

तिसरी पायरी : वीजपुरवठा

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. बहुतेक बीबीसी मायक्रोंमध्ये स्विच मोड प्रकारचा वीजपुरवठा असतो आणि त्यात मुख्य विजेच्या बाजूला विजेतील गोंगाट (नॉइज) गाळण्यासाठी दोन कागदी कपॅसिटर बसवलेले असतात, एक ०.१ मायक्रोफॅरॅडचा आणि दुसरा ०.०१ मायक्रोफॅरॅडचा. त्यांचे पिवळसर पारदर्शक कवच वर्षानुवर्षांत तडकते, तडांमधून हवेतील ओल आतल्या कागदात शिरते आणि यंत्र सुरू केल्यावर काही मिनिटांतच कपॅसिटर फुटून खोलीभर उग्र वासाचा धूर होतो. यामुळे संगणक सहसा मरत नाही, परंतु चिकट काजळी सर्वत्र बसते आणि शेजारी जळण्याजोगे काही असेल तर आगीचा धोकाही असतो. दमट हवेत साठवलेल्या यंत्रात हे घडेल की नाही असा प्रश्न नसतो. ते केव्हा घडेल एवढाच प्रश्न असतो. म्हणून हे दोन्ही कपॅसिटर, वरून ठीक दिसत असले तरीही, पहिल्यांदा वीज देण्यापूर्वीच बदलावेत. नवे कपॅसिटर त्याच क्षमतेचे, ‘एक्स-२’ वर्गाचे आणि २७५ व्होल्ट एसीसाठी प्रमाणित असावेत. साधा सिरॅमिक किंवा दुसऱ्या वर्गाचा कपॅसिटर येथे चालत नाही.

पेटी सोडवण्यापूर्वी प्लग काढलेला आहे याची खात्री करावी. यंत्र नुकतेच विजेला लावलेले असेल तर आत हात घालण्याआधी बराच वेळ थांबावे, कारण २३० व्होल्ट एसीपासून बनलेली सुमारे ३२५ व्होल्ट डीसी मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहिलेली असते. ती खरोखर उतरली आहे हे मल्टिमीटरने मोजल्याशिवाय कशालाही स्पर्श करू नये. पेटी तळाकडून स्क्रूंनी बसवलेली असते. तिच्यापासून बोर्डाकडे सात वायरी जातात : तीन लाल वायरी अधिक ५ व्होल्टच्या, तीन काळ्या शून्य व्होल्टच्या आणि एक जांभळी उणे ५ व्होल्टची. या वायरींची टोके एकसारखी असल्यामुळे त्यांची अदलाबदल सहज होऊ शकते आणि तसे झाल्यास क्षणात चिप जळतात. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी बांधूनच ती सोडवावी. भारतात जोडलेल्या किंवा नंतर दुरुस्त झालेल्या यंत्रात वायरींचे रंग हेच असतील असे गृहीत धरू नये; बोर्डावर वायर जिथे बसते त्या टॅबजवळ छापलेली खूण हाच आधार मानावा.

कपॅसिटर बदलल्यावर पेटी बोर्डाला न जोडता तपासावी. स्विच मोड पुरवठा भाराविना नीट चालत नाही, म्हणून ५ व्होल्टच्या एका लाल आणि एका काळ्या वायरीत ४.७ ओहम, १० वॉटचा रोधक (रेझिस्टर) जोडावा. त्यातून साधारण १ अँपिअर प्रवाह वाहतो आणि तो चांगलाच तापतो, त्यामुळे तो फरशीवर किंवा धातूच्या ताटलीत ठेवावा. पहिल्या वेळी मुख्य विजेच्या वायरीत जुन्या तारेच्या बल्बचा सिरीज दिवा ठेवणे शहाणपणाचे असते. पेटीत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटून राहतो आणि पुढची हानी टळते. सर्व ठीक असेल तर तो क्षणभर चमकून मंद होतो. त्यानंतर दिवा काढून, पेटी सरळ विजेवर लावून मोजमाप घ्यावे. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या बाहेरचा आकडा आला तर ती पेटी बोर्डाला जोडू नये. उणे ५ व्होल्टही मोजावेत. मुख्य वायरीचे रबर कडक होऊन तडकले असेल तर ती वायर बदलावी आणि अर्थिंग चालू असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्येच यंत्र लावावे.

चौथी पायरी : बोर्डाची पाहणी आणि पडदा

बोर्डावरील अनेक चिप सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात आणि चाळीस वर्षांच्या विश्रांतीनंतर त्यांच्या पायांवर गंजाचा पातळ थर असतो. सॉकेटमधील प्रत्येक चिप एका टोकाने किंचित उचलून पुन्हा दाबून बसवली, तरी निम्मे दोष येथेच नाहीसे होतात. चिप पूर्ण काढावी लागली तर तिच्या खाचेची दिशा टिपून ठेवावी. उजवीकडे पुढच्या बाजूला रॉमसाठी, म्हणजे कायमस्वरूपी प्रणाली साठवलेल्या चिपसाठी, पाच सॉकेट असतात : डावीकडच्या पहिल्यात कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) आणि बाकीच्या चारांत बेसिक ही संगणकभाषा, डिस्क किंवा शिक्षणासाठीच्या प्रणालींचे रॉम. या चारांत सर्वांत उजवीकडच्या रॉमला प्राधान्य मिळते, म्हणून त्यांचा क्रम बदलू नये. अनोळखी रॉम आढळला तर तो टाकून देऊ नये. भारतीय शाळांसाठी तयार झालेली एखादी प्रणाली त्यातच शिल्लक असू शकते, तेव्हा ओळखीच्या रॉम प्रोग्रामरवाल्याकडून त्याची प्रत काढून घ्यावी.

पडद्यासाठी मागे तीन द्वारे असतात. जुन्या टीव्हीच्या अँटेनासाठीचे यूएचएफ द्वार आज फारसे कामाचे नाही. शेजारचे गोल बीएनसी द्वार कंपोझिट चित्र देते आणि पहिल्या चाचणीसाठी तेच उत्तम; एका स्वस्त अडॅप्टरने ते टीव्हीच्या पिवळ्या व्हिडिओ द्वारात जोडता येते. चित्र कृष्णधवल आले तर तो बिघाड नव्हे, कारण बहुतेक बोर्डांवर एस-३९ या खुणेची दोन टोके एकमेकांना जोडल्यावरच कंपोझिटमधून रंग येतात. सहा पिनांचे आरजीबी द्वार सर्वांत स्पष्ट चित्र देते, परंतु त्याची आडवी वारंवारता १५.६२५ किलोहर्ट्झ असल्याने संगणकाचा नेहमीचा व्हीजीए मॉनिटर ते दाखवू शकत नाही. रास्पबेरी पाय झिरो या छोट्या संगणक बोर्डावर चालणारे ‘आरजीबी टू एचडीएमआय’ हे छोटे उपकरण मुळात याच संगणकासाठी तयार झाले आणि नव्या पडद्यांसाठी आजचा तोच सर्वोत्तम मार्ग आहे.

पाचवी पायरी : पहिली सुरुवात आणि आवाजाचा अर्थ

सातही वायरी चिठ्ठ्यांप्रमाणे जोडून, छायाचित्राशी ताडून, झाकण उघडे ठेवून यंत्र सुरू करावे. निरोगी यंत्र आधी एक खर्जातला सूर आणि लगेच एक छोटी उंच ‘बीप’ देते, कॅप्स लॉकचा दिवा लागतो आणि पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’, त्याखाली ‘बेसिक’ आणि > ही खूण दिसते.

या दोन सुरांमागील यंत्रणा समजून घेतली तर निदान पुष्कळ सोपे होते. वीज मिळताच ध्वनीची चिप आपोआप खर्जात वाजू लागते आणि कार्यप्रणाली सुरू झाल्यावर पहिल्या काही कामांत तिला गप्प करून मग उंच बीप काढते. म्हणजे खर्जातला सूर न थांबता चालूच राहिला, तर वीज पोहोचली आहे, मात्र ६५०२ प्रोसेसर कार्यप्रणालीपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी बोर्डावर ५ व्होल्ट मोजावेत, प्रोसेसर, कार्यप्रणालीचा रॉम आणि ६५२२ या क्रमांकाच्या दोन चिप पुन्हा बसवाव्यात. या दोन्ही ६५२२ चिप एकसारख्या असल्यामुळे त्यांची अदलाबदल करून दोष हलतो का, हे पाहता येते. अजिबात आवाज नसेल तर आधी स्पीकरची वायर आणि वीजपुरवठा पाहावा.

सूर व्यवस्थित आले पण पडदा कोरा राहिला, तर दोष चित्राच्या भागात किंवा नुसत्या केबलमध्ये असतो. पडद्यावर काही दिसत नसतानाच ‘मोड २’ टंकून रिटर्न दाबल्यास कधी कधी चित्र प्रकटते, कारण मोड म्हणजे चित्र दाखवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आणि त्यांतला नेहमीचा मोड ७ स्वतंत्र टेलिटेक्स्ट चिपवर अवलंबून असतो. ‘लँग्वेज?’ असा प्रश्न पडद्यावर आला तर बेसिकचा रॉम सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो काढून पुन्हा बसवावा. मॉडेल बी असूनही ‘१६के’ असे दिसले तर स्मृतीचा अर्धा भाग हरवला आहे असे समजावे. स्मृती १६ चिपमध्ये विभागलेली असते. मोड ७ केवळ १ किलोबाइट वापरतो, तर मोड ० तब्बल २० किलोबाइट, म्हणून मोड ० मध्ये ठरावीक अंतराने उभ्या रेषा किंवा ठिपके दिसले तर एखादी स्मृतिचिप निकामी आहे असा तर्क करता येतो.

व्हिडिओ प्रोसेसरची चिप चालताना बरीच तापते आणि ते स्वाभाविक आहे. तिच्यावरचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) काढू नये. मात्र एखादी स्मृतिचिप इतरांपेक्षा खूप गरम लागत असेल तर यंत्र त्वरित बंद करावे.

सहावी पायरी : कळफलक आणि पहिले आदेश

तारांकन चिन्हापुढे ‘हेल्प’ टंकून रिटर्न दाबल्यास कार्यप्रणालीची आवृत्ती आणि बसवलेल्या रॉमची नावे दिसतात. आवृत्ती १.२० असेल तर पुढील सर्व साधने चालतात. नंतर ‘रिपोर्ट’ हा आदेश द्यावा. उत्तरात १९८२ हे वर्ष आले तर बेसिकची दुसरी आवृत्ती आहे आणि १९८१ आले तर पहिली.

प्रत्येक कळ दाबून पाहावी. न उमटणारी कळ अनेकदा तीस-चाळीस वेळा दाबल्यावरच जागी होते. तरीही न झाल्यास तिच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब सोडावा. आवाजाच्या चाचणीसाठी ‘साउंड १,-१५,१००,२०’ हा आदेश द्यावा. एक सेकंद सूर वाजून थांबला तर ध्वनीचा भाग ठीक आहे. ज्यांना यंत्र मिळण्याआधीच आदेशांचा सराव करायचा आहे, त्यांनी ब्राउझरमध्ये चालणारा ‘जेएसबीब’ हा एम्युलेटर, म्हणजे या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारी प्रणाली, वापरावा. बिघाड आणि स्वतःची टंकलेखनाची चूक यांतील फरक ओळखायलाही तो उपयोगी पडतो.

सातवी पायरी : जुन्या डिस्क आणि नवी साठवण

यंत्रासोबत सव्वापाच इंची डिस्क मिळाल्या असतील, तर त्या यंत्रापेक्षाही मोलाच्या समजाव्यात. यंत्रे हजारोंनी बनली, परंतु एखाद्या शिक्षकाने आपल्या वर्गासाठी लिहिलेला कार्यक्रम (प्रोग्राम) एकाच डिस्कवर असतो. प्रत्येक डिस्क उजेडात धरून तिच्या लंबगोल खिडकीतून पाहावी. पांढरट किंवा ढगाळ डाग म्हणजे बुरशी, आणि अशी डिस्क ड्राइव्हमध्ये घातली तर ती स्वतः खरवडली जाते, शिवाय ड्राइव्हचे हेड घाण होऊन पुढची चांगली डिस्कही बाद होते. बुरशी लागलेल्या डिस्क वेगळ्या ठेवून जाणकाराकडे द्याव्यात. स्वच्छ डिस्कची तारांकन आणि ‘कॅट’ या आदेशाने यादी पाहून लगेच प्रत काढावी. ४० ट्रॅकच्या एका बाजूवर १०० किलोबाइट मावतात आणि यादीत ३१ पेक्षा जास्त फाइली बसत नाहीत, त्यामुळे पूर्ण संग्रहही एका लहानशा मेमरी कार्डात सहज मावतो.

प्रत्येक यंत्रात डिस्कची सोय असतेच असे नाही. ती नसेल तर टेपचा मार्ग उरतो. सात पिनांच्या डिन द्वारात योग्य केबल लावून मोबाइलच्या हेडफोन द्वारातूनही कार्यक्रम वाजवता येतो. ‘चेन ""’ हा आदेश देऊन ध्वनी सुरू करावा आणि ‘डेटा?’ किंवा ‘ब्लॉक?’ असा दोष आल्यास आवाज कमी-जास्त करून पुन्हा प्रयत्न करावा. रोजच्या वापरासाठी तळाच्या यूजर पोर्टवर बसणारा एसडी कार्डाचा अडॅप्टर आणि ते कार्ड वाचणारा ‘एमएमएफएस’ हा रॉम सर्वांत सोयीचा पडतो, कारण त्यासाठी बोर्डावर कोठेही कायमचा बदल करावा लागत नाही. डिस्क नियंत्रक चिप असेल तर डिस्क ड्राइव्हच्या जागी बसणारे गोटेक नावाचे यूएसबी उपकरणही चालते. ८२७१ ही जुनी नियंत्रक चिप आता मिळणे कठीण आहे, म्हणून ती असल्यास जपावी.

आठवी पायरी : इकोनेट

सुरुवातीच्या ओळीत ‘इकोनेट स्टेशन’ आणि एक क्रमांक, पुढे ‘नो क्लॉक’ असे दिसले, तर हे यंत्र एके काळी जाळ्यात होते. तो क्रमांक बोर्डावरच्या छोट्या जोडण्यांनी ठरवलेला असतो आणि वर्गातील यंत्राची ती ओळख असते, त्यामुळे बदलण्याआधी तो लिहून ठेवावा. एका जाळ्यात २५४ पर्यंत स्थानके असू शकत. प्रत्येकाला पाच पिनांच्या डिन केबलने जोडत, एका ठिकाणी घड्याळाचा संकेत देणारी डबी आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटर (केबलचे टोक विद्युतदृष्ट्या बंद करणारी जोडणी) बसवत. ‘नो क्लॉक’ हा संदेश म्हणजे ती डबी जोडलेली नाही, एवढेच. यंत्रात दोष नाही. दोन यंत्रे मिळाली तर नवखा वाचकही डबी आणि टर्मिनेटर तयार करून लहान जाळे उभारू शकतो, मात्र दोन्ही बोर्डांवर इकोनेटची ६८५४ मालिकेतील चिप बसवलेली आहे हे आधी पाहावे. अनेक यंत्रांत तिचे सॉकेट रिकामेच असते.

जपणूक

पावसाळ्यात यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये, कारण आत अडकलेली ओल बोर्डावरच बसते. सुती कापडाखाली, सिलिका जेलच्या पुड्यांसह, जमिनीपासून उंच ठेवावे आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास चालवावे. काढलेले जुने कपॅसिटर, निकामी ठरलेल्या चिप, निर्लेखनाची प्रत आणि कोणत्या तारखेला काय बदलले याची टिपणे एका लिफाफ्यात घालून तो यंत्राबरोबर ठेवावा. लिफाफा झाकणाच्या आत मात्र ठेवू नये, कारण तेथील हवेच्या झरोक्यांवर तो आला तर वीजपुरवठा तापतो.